थाई सिल्क : दोरा जाळण्याआधी मोर शोधा
थाई सिल्क खरं की खोटं ते ओळखायला 'दोरा जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम खरं' असं सांगतात. ते बरोबर आहे, पण अर्धंच. ताणा (उभे दोरे) रेशमाचा आणि बाणा (आडवे दोरे) पॉलिएस्टरचा असेल तर? एकच दोरा ओढून जाळला की फसलात. दोन्हीकडचे ओढायला हवेत, आणि बँकॉकच्या चतुचाक बाजाराच्या गर्दीत तुम्ही काडेपेटी काढलीत तर दुकानदार काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.

त्यापेक्षा कापडाला मोराचं लेबल आहे का ते बघा. थायलंड सरकारचं रेशमासाठीचं प्रमाणचिन्ह मोर आहे (आपल्याला लगेच पैठणीच आठवते!), आणि त्याच्या रंगाला अर्थ आहे. सोनेरी म्हणजे देशी जातीच्या किड्यांचं रेशीम, हाताने काढलेलं आणि हातमागावर विणलेलं. त्याखालोखाल रुपेरी. निळा म्हणजे शुद्ध रेशीम, पण आधुनिक पद्धती चालतात. हिरवा म्हणजे मिश्रण. मी पहिल्यांदा हिरवा मोर बघून 'वा, पर्यावरणपूरक!' म्हणून खूश झाले होते, घरी आल्यावर कळलं. अर्थात छोट्या विणकरांकडे लेबल नसतंही, म्हणून माल खोटा ठरत नाही.

थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान भागातलं मडमी हे नक्षीचं कापड घेणार असाल तर कापड उलटून बघा. ते आपल्या इकतसारखं, सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे नक्षी मागूनही जवळपास तेवढीच उठते. मागची बाजू फिकट दिसली तर छापील समजा.