सड्यावरचा गेंद किल्लीत बसत नाहीये. नवी प्रजाती म्हणण्याआधी काय तपासायचं?

कातळफूल (प्रश्न):
राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर (कातळाच्या पठारावर) जांभ्याच्या खळग्यात पाणी साचतं, त्याच्या कडेला एक बारीक गेंद (एरिओकॉलॉन) आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहा रोपं दाबून वाळवली. पानं 1 ते 1.5 सेंमी, दांडा 4 ते 6 सेंमी, गोंडा (बारक्या फुलांचा गुच्छ) जेमतेम 3 मिमी, राखाडी. मादीफुलाला पाकळ्या सापडत नाहीत. अन्सारी-बालकृष्णन यांच्या किल्लीने (लक्षणं एकेक ताडत प्रजाती ओळखायचा तक्ता) दोनदा गेलो आणि दोनदा वेगळ्याच ठिकाणी पोचलो. आघारकर संशोधन संस्थेने सिंधुदुर्गातून बारक्या गोंड्याचा ‘पार्व्हिसेफॅलम’ नवा म्हणून नोंदवला होता, हा तोच की आणखी वेगळा? आणि वेगळा निघाला तर नाव द्यायची रीत काय?

बीजावरण:
आधी परागकोशाचा रंग सांगा. राखाडी गोंडा, बुटकी पानं आणि मादीफुलाला पाकळ्या नाहीत एवढ्यावर पहिला संशयित एरिओकॉलॉन सिनेरियम. तो आशियाभर भातखाचरात तणासारखा उगवतो. त्याचे परागकोश पांढरे असतात आणि मादीफुलाला निदलं (पाकळ्यांबाहेरची दलं) बहुधा दोनच. सड्यावरच्या बहुतेक गेंदांचे परागकोश काळे. ही एक खूण बघितली की निम्मे ‘नवे शोध’ तिथेच निकालात निघतात.

दुसरं, ‘पाकळ्या सापडत नाहीत’ आणि ‘पाकळ्या नाहीत’ यांत फरक आहे. मादीफुलाच्या पाकळ्या पातळ, बिनरंगी असतात आणि कोरड्या गोंड्यात छदाला (फुलाखालच्या खवल्यासारख्या पानाला) चिकटून बसतात. गोंडा उकळत्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून पाच-सात मिनिटं भिजवा. मग काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात, 40 पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, कडेकडून आत फुलं सुटी करत या. चिमट्याने ओढू नका, दोन सुयांनी छद आधी बाजूला करा. किमान तीन रोपांची मिळून दहा मादी आणि दहा नर फुलं मोजा. प्रत्येकाची निदलं किती, सुटी की जुळलेली, पाकळीवर काळी ग्रंथी आहे का, पुष्पासनावर (फुलं जिथे बसतात त्या बुडावर) केस आहेत का, हे कागदावर लिहीत जा. आठवणीवर सोडलंत की किल्ली पुन्हा भलतीकडेच नेईल.

उंचीवर मात्र काहीही ठरवू नका. एकाच खळग्यात पाण्यातलं रोप लांब दांड्याचं आणि कडेला सुकत चाललेल्या मातीतलं नखाएवढं, असं सर्रास दिसतं.

कातळफूल:
भिजवून पाहिलं. परागकोश काळे, मादीफुलाला निदलं तीन. पाकळ्याही निघाल्या, अगदी दोऱ्यासारख्या! बिया मात्र पांढरट आणि मऊ आहेत.

बीजावरण:
म्हणजे सिनेरियम बाद. बिया कच्च्या आहेत आणि या गणात खरा निकाल बियांवरच लागतो. पक्व बी पिवळसर तांबूस असतं, सुईने दाबलं तर फुटत नाही. लांबी साधारण अर्धा मिमी. बीच्या सालीवरच्या पेशींची मांडणी आणि त्यांवरचे काट्यांसारखे उंचवटे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. जवळच्या विद्यापीठात ही सोय असते, नमुन्यामागे पैसे घेतात. कच्चं बी तिथल्या निर्वातात आक्रसतं आणि त्याच्या सुरकुत्या लोक नक्षी समजून छापतात. तेव्हा ऑक्टोबरमध्ये, पाणी आटायच्या आत, परत त्या खळग्यावर जा.

पाणथळ_नोंदी:
परत जाताना तयारीने जा. आधी मोजणी: एक मीटरची चौकट दहा ठिकाणी टाकून रोपं मोजा. वीस रोपांमागे एक, याहून जास्त उपटू नका, हे वर्षायू आहे आणि पुढच्या वर्षीचं बी त्याच गोंड्यांत आहे. एकूण पन्नासच्या आत असतील तर दोन-तीन रोपं आणि भरपूर फोटो एवढ्यावर थांबा. जमीन खासगी असेल तर मालकाला विचारा, वनखात्याची असेल तर लेखी परवानगी हवीच.

दोन-चार गोंडे 70 टक्के अल्कोहोलच्या कुपीत घाला. आत चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली टाका, पेनाची शाई विरघळते. डीएनएसाठी पानं सिलिका जेलमध्ये ठेवा, पानांच्या वजनाच्या दहापट जेल. फॉर्मॅलिनमध्ये घातलेला नमुना डीएनएच्या कामातून गेला असं समजा. दाबायच्या रोपांच्या मुळांवरची माती तिथल्याच पाण्यात धुवा आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. कोकणातल्या दमट हवेत एक दिवस चुकला की बुरशी आलीच.

सगळ्यात मोठी गफलत म्हणजे सरमिसळ. एका खळग्यात दोन-तीन प्रजातींचे गेंद गुण्यागोविंदाने नांदतात. सगळे एकाच क्रमांकाखाली दाबले आणि त्यातूनच प्ररूप (नाव ज्याला कायमचं बांधलं जातं तो नमुना) निवडलं, तर पुढे कुणीतरी ते नाव नेमकं कोणत्या रोपाला लागू होतं हे निस्तरत बसतो.

नामावली:
नावाच्या रीतीबद्दल. ‘तोच की वेगळा’ हे पार्व्हिसेफॅलमच्या मूळ वर्णनाशी आणि शक्यतो त्याच्या प्ररूपाशी ताडून बघा, फोटोशी नव्हे. कोकणातल्या जुन्या नावांची प्ररूपं बरीचशी लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत आणि त्यांची चित्रं ऑनलाइन दिसतात. समानार्थी ठरवून बाजूला टाकलेली नावंही तपासा. जुनं नाव पुन्हा जिवंत होणं हे नव्या शोधाइतकंच वारंवार घडतं.

वेगळं ठरलं तर: 1 जानेवारी 2012 पासून प्रजातीचं वर्णन किंवा तिचं वेगळेपण सांगणारा मजकूर लॅटिन किंवा इंग्रजी, कोणत्याही एका भाषेत चालतो. मराठीत लिहा, पण सोबत तो लागेलच. नेमकं कोणतं रोप प्ररूप, ते कोणत्या एकाच वनस्पतीसंग्रहात ठेवलंय, हे छापावं लागतं, ही अट 1990 पासूनची. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा पश्चिम विभाग, आघारकर आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ इथे संग्रह आहेत. उरलेली तीच रोपं दुसऱ्या संग्रहालाही द्या, एकाच कपाटाला वाळवी लागली तर सगळं गेलं असं नको. फेसबुकवर किंवा इथे नाव टाकून ते वैध होत नाही, छापील प्रकाशन किंवा आयएसएसएन अथवा आयएसबीएन (नियतकालिकाचा वा पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) असलेल्या ऑनलाइन प्रकाशनातली पीडीएफच लागते.

आणि आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ) लाल यादीतलं ‘अतिसंकटग्रस्त’ लिहायची घाई नको. एक खळगा म्हणजे 2 × 2 किमीचा एक चौकोन, म्हणजे 4 चौरस किमी, म्हणून 10च्या आत, म्हणून अतिसंकटग्रस्त, असं गणित लोक मांडतात. त्या यादीच्या निकष ‘बी’ला (छोट्या क्षेत्रापुरत्या प्रजातींसाठीचा) त्याशिवाय आणखी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: ठिकाण एकच किंवा अधिवास तुटक, सततची घट, टोकाचे चढउतार यांपैकी कोणत्याही दोन. शेजारी चिरेखाण सरकत येत असेल किंवा आंब्यासाठी कातळ फोडून भराव चालू असेल, तर ते तारखेसह नोंदवा, घटीचा पुरावा तोच. आजूबाजूचे दहा-बारा सडे न बघता ‘एकच ठिकाण’ म्हणू नका.

पाणथळ_नोंदी:
एक राहिलं. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) टाकणार असाल तर ठिकाण ‘अस्पष्ट’ ठेवा, ते साधारण 22 किमीच्या चौकोनात पसरवून दाखवतात. मात्र फोटोत मागे मंदिराचा कळस किंवा ओळखू येणारं कातळशिल्प दिसत असेल, तर त्या अस्पष्टतेचा काही उपयोग नाही.