मदत हवी आहे: पाइप मोठा केला तर पंपही बदलावा लागेल का?

धान्याचा मका आणि चाऱ्याची ज्वारी यांच्या पाण्यावर वीज जास्त जाते, म्हणून पंपाचं मोजमाप केलं. विहिरीवर 5 एचपीचा थ्री-फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) आहे. 200 लिटरचा ड्रम 25 सेकंदांत भरतो, म्हणजे सेकंदाला 8 लिटर. डिलिव्हरीच्या (पाणी बाहेर पडण्याच्या बाजूच्या) गेजवर 2 किलो दाब, म्हणजे 20 मीटर, सक्शन (विहिरीतून पंपापर्यंतचा उपसा) साधारण 5 मीटर, म्हणजे एकूण हेड (पंपाला पाणी जेवढ्या उंचीइतक्या जोराने ढकलावं लागतं ते) 25 मीटर. मीटरवर मोटर 4.4 किलोवॅट ओढते. हिशेबाने कार्यक्षमता जेमतेम 45 टक्के.

फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाची झडप) साफ आहे, सक्शन हवा ओढत नाही, व्होल्टेज ठीक. कपॅसिटर आहेच (त्याने युनिट कमी होत नाहीत, कृपया तो सल्ला नको). पाणी पाटाने देतो, स्प्रिंकलर सध्या नाही.

माझा संशय पाइपवर आहे. 90 मीटर लाइन 63 मिमीची, त्यात पाण्याचा वेग सेकंदाला 3 मीटर. शेताची चढण 8 मीटरच, म्हणजे गेजवरचे उरलेले 12 मीटर घर्षणातच जातात! 90 मिमीचा पाइप टाकला तर ते 2 मीटरच्या आसपास येतील.

अडचण अशी की हेड 15 मीटरवर आलं की हाच पंप जास्त पाणी फेकेल आणि मोटर ओव्हरलोड होईल अशी भीती वाटते. व्हॉल्व्ह आवळून चालवणं म्हणजे वाचवलेलं परत घालवणं. चर पेरणीआधी एकदाच खोदता येईल.

अशा वेळी इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) कापून लहान करून घेणं पुरतं, की सरळ 3 एचपीचा कमी हेडचा पंप घ्यावा?