जिनिंगमधला अनुभव इंग्रजी बायोडाट्यात कसा लिहावा?

प्रश्न: हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) २०१९ ते २०२३ डबल रोलर मशीनवर फिटर होतो. आता बुटीबोरीच्या कारखान्यात अर्ज करायचा आहे. 'आय ॲम वर्किंग सिन्स फोर इयर्स' चालेल का?

उत्तर: नाही भाऊ. 'सिन्स'पुढे सुरुवातीचं साल येतं, कालावधीसाठी 'फॉर'. शिवाय तुमचं ते काम संपलं आहे, म्हणून साधा भूतकाळ: 'वर्क्ड ॲज अ फिटर फ्रॉम २०१९ टू २०२३'. 'हॅव वर्क्ड सिन्स २०१९' लिहिलं तर अजून तिथेच आहात असं वाचणारा समजतो आणि नोटीस पिरियड विचारतो. 'एक्सपिरियन्स'ला शेवटी 'एस' नको.

उत्तर: आधी एक पाहा, काम बारमाही होतं की फक्त कापसाच्या हंगामात? हंगामी असेल तर 'सीझनल' लिहाच. चार सलग वर्षं दाखवली आणि अनुभवपत्रावर महिने वेगळे निघाले, तर अर्ज तिथेच अडतो.

उत्तर: नुसतं 'मशीन मेंटेनन्स' फार मोघम होतं. प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू करा: 'ग्रूव्ड अँड रिप्लेस्ड लेदर रोलर्स', 'ॲडजस्टेड फिक्स्ड अँड मूव्हिंग नाइव्ज', 'रिप्लेस्ड बेअरिंग्ज अँड व्ही-बेल्ट्स'. 'आय' प्रत्येक ओळीत नको. मिस्त्रीच्या हाताखाली केलेल्या कामाला 'असिस्टेड इन' लावा. कारण बुटीबोरीत प्रत्यक्ष मशीनवर उभं करून पाहू शकतात. गाठी बांधायच्या प्रेसवर काम केलं असेल तर तेही घाला, हायड्रॉलिकची माहिती कापसाबाहेरच्या कारखान्यातही कामी येते.

प्रश्नकर्ता: आयटीआय नाही झालं जी. तरी 'फिटर' लिहू?

उत्तर: अनुभवपत्रावर जे पद आहे तेच लिहा. शिक्षणाच्या रकान्यात मात्र 'आयटीआय' येऊ देऊ नका.