आधी गाऱ्हाणं की आधी फोन?

किनाऱ्यावरची
आम्ही देवगड तालुक्यातले. घरची नौका नाही, आमचे हे दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी. गेल्या ऑक्टोबरात संध्याकाळी बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा बावटा लागला. सातपर्यंत बाकीच्या नौका आत आल्या, यांची नाही. लांब गेलं की फोन लागत नाही हे माहीत असूनही सतरा वेळा लावला.

मग देवाकडे दिवा लावला आणि गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगून साकडं घातलं. खरं तर हे बापयांचं काम. सासरे गेल्यापासून मीच घालते, गावात बोलू नका. "बा बारा-पाचाच्या देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात केली की पुढे मोघम चालत नाही. नौका कोणाची, माणसं किती, कधी सुटली, सगळं सांगावं लागतं. सासूबाई खाटेवरून दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या. "सा जाण आसत, दोन दिसांचो बरफ घेतल्यानी" म्हटलं आणि मी अडकले. दोन दिवसांचा बर्फ म्हणजे लांब गेले, उत्तरेच्या अंगाला. मग वारं तोंडावर घेत देवगडला येण्यापेक्षा तांडेल, म्हणजे नौका चालवणारा, विजयदुर्गच्या खाडीतच शिरणार! मघापासून हे डोक्यात आलंच नव्हतं.

उठून मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. त्यांनी विचारलं, नौका कोणाची, माणसं किती, कधी सुटली, कुठल्या अंगाला. एका दमात सांगितलं. पावणेदहाला कळलं, विजयदुर्गात नांगर टाकून आहेत, सहाही जण ठीक.

मुंबईची नणंद म्हणते, "वहिनी, आधी फोन करायचा, देव काय पळून जातो?" तिचं चूक आहे असंही वाटत नाही. पण तसाच फोन लावला असता तर मी नुसती रडले असते. तुमच्याकडे काय करता?

रोकडा सवाल
नणंदेशी सहमत. गाऱ्हाण्यात वीस मिनिटं तरी गेली असतील, समुद्रात ती फार झाली. नौका सुखरूप होती म्हणून आता हे गाऱ्हाणं गोड वाटतंय.

किनाऱ्यावरची
कॉल लिस्ट बघितली. यांना लावलेला शेवटचा फोन 8:04, सेक्रेटरींना 8:13. नऊ मिनिटं. त्याआधी तासभर मी ओटीवर नुसत्या येरझाऱ्या घातल्या, त्याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

जुना तांडेल
फयान वादळात मी बाहेर समुद्रात होतो, 11 नोव्हेंबर 2009. सुकाणू सोडून हात कोण जोडणार? तोंडात रवळनाथाचं नाव, हातात सुकाणू, दोन्ही एकदम चालतं. इंजिनाच्या खणात पाणी भरलं तर आमचा धाकटा खलाशी नारळ फोडूक धावलो. मी ओरडलो, "मेल्या, आधी पाणी काढ, नारळ मागसून!" तो नारळ दुसऱ्या दिवशी जयगडला धक्क्यावर उतरून फोडला. किती तरी जणांना तेवढंही मिळालं नाही.

ताई, तुमचं बरोबर की चूक ते मी सांगणार नाही. एवढंच करा, नौकेचा नोंदणी नंबर घरात लिहून ठेवा. त्याच्याखाली 1554 लिहा, तो कोस्ट गार्डचा, पैसे पडत नाहीत. मालकाच्या नावाने नौका शोधायची म्हणजे एका नावाचे चार मालक निघतात.

खाडीपलीकडे
आम्ही राजापूर तालुक्यातले मुसलमान, अब्बांची स्वतःची नौका होती. वारं सुटलं की अम्मी मुसल्ल्यावर, नमाजाच्या चटईवर बसायची आणि आम्हा पोरांना धक्क्यावर पिटाळायची, "जा, कोण कोण आला बघून ये." आम्ही येऊन नावं सांगायचो. तिच्या दुआत नौकेवरच्या सगळ्यांची नावं असायची, अब्बांचं शेवटी. सहा खलाशांतले चार हिंदू होते. बाबल्याचं नाव तिला कधीच नीट घेता आलं नाही.

किनाऱ्यावरची
तांडेलकाका, मालकाकडून नंबर आणला. देवघराशेजारी भिंतीवर मार्करने मोठा लिहिलाय, खाली 1554. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाल्या, "आता गाऱ्हाण्यात ह्यो पण सांग."