मदत हवी आहे: समईचा उजेड आणि फ्लॅश जुळत नाहीत

इंदूरला राजवाड्याजवळ काकूंच्या जुन्या वाड्यात महालक्ष्म्या बसतात. हळदीकुंकवाचे फोटो मी काढते. खोली दहा बाय बारा, उजेड समया आणि पिवळ्या बल्बांच्या माळांचा. छत काळपट सागवानी, त्यामुळे फ्लॅश वर मारून उपयोग नाही. उजेड छतच पिऊन टाकतं.

क्रॉप सेन्सर कॅमेरा, ३५ एमएम लेन्स, वर बसणारा एकच फ्लॅश. एफ/४, आयएसओ ४००, शटर १/२०० ला चेहरे पांढरेफटक, मागे अंधार, मुखवटे दिसेनात. आयएसओ १६०० आणि १/१५ केल्यावर मखर सुरेख आलं, पण कुंकू लावणाऱ्या बोटांमागे पुसट सावली ओढली गेली. शिवाय माणसं निळसर, मागचं सगळं नारिंगी. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचा रंगांचा तोल) पिवळ्या उजेडासाठी ३२०० केल्विनला नेला तर चेहरे आणखीच निळे. नंतर संगणकावर दोन्ही एकदम सुधारत नाहीत.

स्टँड, छत्री लावायला जागा नाही आणि बायकांना थांबवून ठेवणं मला पटत नाही. समईची ज्योत ज्योतीसारखी दिसायलाच हवी.

फ्लॅशचा उजेड पिवळा करायला त्यावर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक पट्टी) पूर्ण गडद लावू की अर्ध्या गडदपणाचं? आयएसओ १६०० ठेवून शटर १/६० केलं तर मागचा उजेड दोन स्टॉप पडेल, म्हणजे पावपट उरेल. तो लेन्स एफ/२ ला उघडून भरून काढला, तर सवाष्ण आणि मागचे मुखवटे दोन्ही ओळखू येण्याइतके स्पष्ट राहतील का?