रक्ताच्या टेस्टवरून स्किझोफ्रेनिया कळतो का?

मुक्ता_सातारा:
माझ्या धाकट्या भावाला आधी डिप्रेशन सांगितलेलं, आता डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतायत, गोळ्या पण बदलल्या. केंब्रिजच्या संशोधक साबीन बान प्रोटिओमिक्स वापरून म्हणजे रक्तातली प्रथिनं तपासून असे आजार ओळखायचा प्रयत्न करतात असं वाचलं. मग आपल्याकडे ही टेस्ट का करत नाहीत? रिपोर्ट हातात आला तर आईला तरी पटेल, ती अजून नजर लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळतेय.

लॅबवाला:
ताई, संशोधन अगदी खरं आहे, पण अजून पेशंटपर्यंत आलेलं नाही. जीन्स जन्मापासून त्याच राहतात, प्रथिनं मात्र तब्येतीप्रमाणे बदलतात, म्हणून ती बघायची. बान यांच्या टीमने 2006 मध्ये मेंदूभोवतीचं पाणी तपासलं, जे कमरेत सुई घालून काढतात, आणि पेशंट मुद्दाम असे घेतले की आजार नुकताच सुरू झालाय आणि एकही गोळी घेतलेली नाही, कारण गोळ्यांनी सुद्धा प्रथिनं बदलतात. त्यात व्हीजीएफ या प्रथिनाचा एक तुकडा वाढलेला आणि ट्रान्सथायरेटिन हे दुसरं प्रथिन कमी दिसलं. पुढे 2010 ला अमेरिकेत व्हेरीसाइक नावाची 51 घटकांची रक्ताची टेस्ट बाजारात सुद्धा आली, पण टिकली नाही, मागे घेतली. तुमच्या भावाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे कुणी अशी टेस्ट विकत असेल तर पैसे अजिबात घालवू नका.

स्पेक्ट्रो_पुणे:
वरच्यात भर घालतो. रक्तातल्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त नुसतं अल्ब्युमिन असतं, त्या गर्दीत मेंदूशी संबंधित बारीकसं काही शोधायचं, त्यात वजन, सिगरेट, सॅम्पल किती वेळ बाहेर राहिलं यानेही आकडे हलतात. ब्राझीलमध्ये कॅम्पिनासला डॅनियल मार्टिन्स-डी-सूझा मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंवर काम करतात, तिथे पेशींना ऊर्जा देणाऱ्या प्रथिनांत फरक सापडलेत. मला स्वतःला टेस्टपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं, आजार नेमका होतो कसा ते यातून उलगडेल आणि नवी औषधं पण निघतील.

आशा_नागपूर:
माझ्या नणंदेला हाच आजार आहे. डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी12 बघितलं होतं, पण ते दुसरं काही नाही ना हे बघायला, निदान बोलूनच केलं. मुक्ता, पुढच्या वेळी आईंना सोबत घेऊन जा आणि त्यांना काय वाटतं ते डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोलू दे, आमच्या सासूबाई तशाच तयार झाल्या, आता गोळ्यांची वेळ त्याच सांभाळतात.