मदत हवी आहे: अमेरिकन मार्केट बंद झाल्यावर भाव पाडतात का?

मंडळी, यूएस स्टॉक्समध्ये आफ्टर अवर्स बघणारं इथे पुण्यातलं कोणी आहे का? मी कोथरूडला, कंपनीने दिलेले शेअर्स आहेत म्हणून रात्री जागतो. न्यूयॉर्कला दुपारी ४ ला मार्केट बंद, मग रात्री ८ पर्यंत एक्स्टेंडेड सेशन, म्हणजे आपल्याकडे रात्री दीड ते पहाटे साडेपाच (थंडीत अजून एक तास उशिरा, झोपेचं खोबरं). आता होतं काय, रिझल्ट नाही, बातमी नाही, आणि मूठभर शेअर्सचा एखादा सौदा एकदम ३-४ टक्के खाली पडतो, बिड-आस्कमध्ये (घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात) ही एवढी दरी, आणि जरा वेळाने भाव गपचूप जागेवर. कोणीतरी मुद्दाम पाडतंय असंच वाटतं राव. मित्र म्हणतो, व्हॉल्यूमच (खरेदी-विक्रीचं प्रमाण) नसतो तेव्हा, शिवाय दिवसाचे काही सौदे उशिरा रिपोर्ट होऊन तिथे दिसतात. अर्धंच पटतंय. तर असा उशिराचा सौदा ओळखायचा कसा? तिथे लिमिट ऑर्डरच (आपण ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच भरली जाणारी) चालते, मग माझी ऑर्डर असल्या भावाला भरली जाईल का? आणि संशय खरा असेल तर इथून एसईसीकडे (अमेरिकेची शेअर बाजार नियामक संस्था) तक्रार केलीये का कोणी? सेबीचा यात काही संबंध नसावा ना?